भिंत कुठवर घासायची?

दुपारी दारातून सपाट दिसणारी भिंत रात्री डोंगराळ होते. त्याच भिंतीवर, छताजवळ बसवलेल्या ट्यूबचा उजेड वरून खाली घसरत येतो आणि दोन मिलिमीटरच्या उंचवट्यालाही बोटभर सावली देतो. भिंत तीच असते. दिवसा उजेड समोरून पडत होता, आता अंगाला घासून येतो, एवढाच फरक. घरच्या घरी भिंत सारखी करायला निघालेल्या नवशिक्याला हा फरक पहिल्याच रात्री कळतो आणि त्याची झोप उडते. खरी भिंत कोणती, दुपारची की रात्रीची? हा प्रश्न त्याने विचारलेला नसतो, तो आपसूक पुढ्यात येतो. भारतातल्या पंडितांनी आणि भिक्षूंनी याच जातीच्या प्रश्नावर शतकानुशतके डोके खपवले आहे, आणि गंमत अशी की त्यातला बराच विचार खऱ्याखुऱ्या भिंतींशी, भुसा घातलेल्या मातीशी आणि थापीशी बांधलेला आहे.

बोदवड हे मुंबई–नागपूर लोहमार्गावर भुसावळ आणि मलकापूर यांच्यामधले तालुक्याचे गाव. या भागातली जुनी घरे मातीच्या भिंतींची आणि धाब्याची. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी, दिवाळीच्या आधी बायका भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा देत आणि जमीन शेणाने सारवत. पोताऱ्यात हाताच्या फिरण्याची अर्धवर्तुळे उमटलेली राहत आणि त्यात कोणाला उणे वाटत नसे; उलट कोणत्या सुनेचा हात कसा फिरतो, ते त्यावरून कळे. सिमेंटचा गिलावा आला तसे हे काम बायकांच्या हातून गवंड्याकडे गेले. आता हार्डवेअरच्या दुकानात वॉल पुट्टीची पिशवी मिळते, मोबाइलवर दहा मिनिटांत सगळे शिकवणारे व्हिडिओ मिळतात, आणि एखादा शाळामास्तर किंवा बँकेतला कारकून रविवार बघून स्वतःच पट्टी हातात घेतो.

काम दिसते सोपे. आधी भिंतीवर टकटक करून पाहायचे. जिथे आवाज बद्द येतो तिथे गिलावा विटेपासून सुटलेला असतो, तो काढून पुन्हा भरावा लागतो. जुन्या रंगाचे पोपडे खरवडायचे, धूळ पुसायची. खोल खड्डे सिमेंट-वाळूने भरायचे, कारण पुट्टी ही खड्डे बुजवायची वस्तू नाही. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन हात मिळून साधारण दीड मिलिमीटर जाडीपर्यंतच द्यायची असते. त्याहून जाड थापली तर वाळताना तडकते. भिंत आधी ओली करायची, पट्टी खालून वर ओढायची, पहिला हात वाळला की दुसरा द्यायचा, आणि शेवटी बारीक पॉलिश पेपर.

नवशिका नेमका इथे फसतो. खड्डा दिसला की तो पुट्टी भरतो, तिथे टेंगूळ येते. टेंगूळ घासतो, तर घासण्याच्या नादात शेजारी नवा खळगा पडतो. उंचवटे असे बुजत नाहीत, नुसते सरकत राहतात. अनुभवी रंगारी एकेक खळगा शोधत बसत नाही. तो लांब पट्टी भिंतीवर आडवी-उभी-तिरकी धरतो, सगळ्या भिंतीचा एकदम अंदाज घेतो, आणि दुरुस्ती हातभर रुंदीत पसरवून टाकतो. उंचवटा जातो असे नाही. तो इतका पसरट होतो की डोळ्याला सापडत नाही. मालक तरीही मागे लागला तर रंगारी वैतागून म्हणतो, ‘‘भो, भिंत हाये, आरसा नाही.’’

इथली माती आणि इथले पाणी रंगाऱ्याच्याच बाजूचे. नव्या गिलाव्याला निदान आठवडाभर पाणी मारावे लागते, आणि बोदवडला पाण्याची ओढ कायमची. नळ कधी येणार याच्या हिशेबाने जिथे घर चालते, तिथे हंडाभर पाणी भिंतीला पाजायचे की माठात भरायचे, हा प्रश्न अलंकारिक राहत नाही. त्यात जळगाव जिल्ह्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर चढतो आणि गिलाव्यातले पाणी सिमेंटचे काम पुरे होण्याआधीच उडून जाते. शिवाय खाली काळी, कापसाची जमीन. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि पाया उथळ असेल तर वरच्या भिंतीलाही हलवते. वैशाखात घासून गुळगुळीत केलेल्या भिंतीत भाद्रपदापर्यंत केसभर चीर दिसली, तर दोष पट्टी धरणाऱ्या हाताचा असेलच असे नाही.

आता धर्माकडे वळायचे तर एक सोपी वाट समोर असते. गीतेतले समत्व घ्यावे, भिंतीचे समतल घ्यावे, दोन्हींची गाठ मारावी आणि मन कसे सपाट करावे यावर प्रवचन झोडावे. ही वाट टाळलेली बरी. गीतेतले समत्व सिद्धी आणि असिद्धी, दोन्हींकडे सारख्या नजरेने पाहण्याचे आहे. भिंत सारखी झाली काय आणि न झाली काय, माणूस ढळू नये, असा त्याचा रोख. म्हणजे ते घासण्याच्या ध्यासाला खतपाणी घालत नाही, त्याच्यापासून सोडवू पाहते. त्यापेक्षा ज्यांनी खरोखर भिंती लिंपल्या, त्यांचे ऐकावे.

बोदवडहून जामनेर, पहूर करत गेले की अजिंठ्याचा पायथा येतो. तिथली चित्रे पाहायला जाणारे शेकडो लोक पद्मपाणीचा चेहरा बघून येतात. चित्राखालची भिंत कोणी बघत नाही. ज्या ठिकाणी चित्र गळून पडले आहे तिथे ती उघडी दिसते, आणि नवशिक्या पुट्टीवाल्याने तिथेच जास्त वेळ थांबावे. काळ्या पाषाणावर छिन्नीचे घाव तसेच ठेवलेले आहेत. तो आळस नव्हता. गुळगुळीत दगडावर लेप धरत नाही. खडबडीत अंगाने तो पकडला जातो. आजही गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा करण्याआधी त्याला छिन्नीने टोचे मारतात, त्याचे कारण हेच. अजिंठ्यात या खडबडीवर चिकणमातीचा जाड थर आहे, त्यात धानाचा कोंडा, गवत, वनस्पतींचे तंतू. त्यावर आणखी बारीक मातीचा थर. मग चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग.

सपाट केलेल्या या भिंतीवर चित्रकाराने काय केले? उंचसखल आणले. गालाचा उभार, खांद्याची गोलाई, नाकाचा उंचवटा, सगळे छायेने काढले. विष्णुधर्मोत्तर पुराणातले चित्रसूत्र या छायाकामाला ‘वर्तना’ म्हणते आणि सखल-उंच दाखवता येणे हा चित्रकाराचा मोठा गुण मानते. त्याच ग्रंथात भिंत तयार करण्याची कृतीही आहे: विटांची भुकटी, माती, गुग्गुळ, मेण, गूळ, चुना, बेलफळाचा गर. गूळ आणि बेलफळ पुढच्या काळात आपल्याकडच्या चुन्याच्या घाण्यातही जात राहिले. म्हणजे आधी खरे उंचसखल काढून टाकायचे आणि मग खोटे उंचसखल रंगाने घालायचे, असा हा सगळा खटाटोप.

योगाचार पंथाच्या बौद्ध विचारवंतांनी हे नेमके हेरले. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकातल्या ‘महायानसूत्रालंकार’ या ग्रंथात आणि ‘लंकावतारसूत्रा’तही चित्राचा दाखला आहे: चित्रात सखलही नाही आणि उंचही नाही, तरी पाहणाऱ्याला दोन्ही दिसतात, जगातले पाहणारा आणि पाहिलेले हे द्वैत तसेच आहे, नाही आणि दिसते. अजिंठ्याचा वाकाटककालीन बहर पाचव्या शतकातला. ज्या काळात पंडित हा दाखला देत होते, त्याच काळात वाघूर नदीच्या वळणावर कारागीर तो भिंतीवर काढत होते. कोणी कोणाचे ऐकले होते, हे सांगता येणार नाही आणि त्याची गरजही नाही. पण ट्यूबखाली उभ्या राहिलेल्या माणसाला हा दाखला उलटाही लावता येतो. चित्रात उंचसखल नसून दिसते. भिंतीत ते असून दिवसभर दिसले नाही. असणे आणि दिसणे यांचा काडीमोड दोन्हीकडे सारखाच. मग भिंत ‘सपाट झाली’ हे विधान भिंतीबद्दल आहे की बघणाऱ्याबद्दल?

भिक्षूंना मात्र हा प्रश्न आधी व्यवहारात भेटला होता. पाली विनयपिटकातल्या चुल्लवग्गात राहण्याच्या जागांविषयी एक आख्खा खंड आहे. विहारांना पांढरा, काळा आणि गेरूचा रंग द्यायला बुद्धांनी परवानगी दिली, तेव्हा तक्रार आली की खरबरीत भिंतीवर पांढरा रंग धरत नाही. उत्तर असे, की आधी कोंड्याची माती लावा, थापीने सारखी करा, मग रंग द्या. तरी धरेना. मग तलम माती लावा आणि थापी फिरवा. तरी धरेना, तेव्हा झाडाचा चीक आणि पिठाची खळ. काळ्या रंगासाठी गांडुळांच्या मातीचा उल्लेख आहे. गेरूसाठी मोहरीचा चोथा आणि मेणाचे तेल, आणि तेल फार झाले तर फडक्याने पुसून काढायची मुभा. निर्वाणाच्या वाटेवर निघालेल्या माणसांनी आपल्या शास्त्याकडे पुट्टीच्या अडचणी नेल्या आणि शास्त्याने त्या एकामागून एक सोडवल्या, हे चित्र आपल्याकडच्या वैराग्याच्या ठरीव कल्पनेत बसत नाही. पण धर्मग्रंथात भिंतीला एवढी जागा क्वचितच मिळालेली असेल. (त्याच खंडात भिंतींवर स्त्री-पुरुषांची चित्रे काढायला मनाई आहे, फुले, वेली आणि नक्षी तेवढी चालते. मूलसर्वास्तिवादी परंपरेच्या विनयात मात्र दाराशी यक्ष आणि ओसरीत भवचक्र रंगवायला सांगितले आहे, आणि अजिंठ्याच्या १७व्या लेण्याच्या ओसरीत ते चक्र आजही अर्धेमुर्धे दिसते.)

इथवर धर्म आणि रंगारी एका मताचे: रंग धरण्यापुरती भिंत सारखी हवी. पण पाचव्या शतकातच श्रीलंकेत बुद्धघोषांनी लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात एक जागा अशी आहे, जिथे मागणी एकदम चढते. ध्यानाचा आधार म्हणून मातीचे मंडल करायला सांगितले आहे. माती अरुणोदयाच्या रंगाची, तिच्यातले गवत, मुळ्या, खडे, वाळू वेचून काढलेले. मंडल एक वीत आणि चार बोटे. लाकडी थापी वापरली तर रंग बिघडतो, म्हणून दगडी थापीने घासायचे. कुठवर घासायचे? नगाऱ्याच्या कातड्यासारखा पृष्ठभाग सपाट होईपर्यंत. पुट्टीच्या पिशवीवरच्या सूचना याच्यापुढे ढिसाळ वाटाव्यात इतका हा काटेकोरपणा आहे.

आणि लगेच पुढे तोच ग्रंथ साधकाने कुठे बसावे ते सांगतो. मंडलापासून अडीच हातांवर. त्याहून लांब बसले तर मंडल नीट भासत नाही. त्याहून जवळ बसले तर मंडलाचे दोष दिसतात.

या शेवटच्या अटीत सगळा प्रश्न येऊन बसला आहे. नगाऱ्यासारखे सपाट करून झाल्यावरही दोष उरतात, हे बुद्धघोषांनी गृहीतच धरले आहे. ते पुन्हा घासा असे म्हणत नाहीत. बसायची जागा सांगतात. साधक त्या मातीकडे बघत राहतो, डोळे मिटल्यावरही ती दिसू लागते, आणि त्या पहिल्या मनोबिंबात मातीचे दोष तसेच असतात. ध्यान पिकते तेव्हा त्यातून दुसरे बिंब वर येते, ते निर्दोष असते, आणि त्याला ना रंग ना आकार. म्हणजे निखळ सपाटी या परंपरेने मान्य केली, पण ती मातीवर शोधली नाही. मातीच्या वाट्याला वीतभर जागेत मनापासून केलेली मेहनत आणि योग्य अंतर, एवढेच आले. खोलीच्या चारही भिंती नगाऱ्यासारख्या करायला निघालेला नवशिका ही वीतभराची अट विसरतो.

वेदान्त्यांचा दाखला भिंतीऐवजी कापडाचा आहे, पण कृती तीच. चौदाव्या शतकात शृंगेरीच्या विद्यारण्यांनी लिहिलेल्या ‘पंचदशी’चे सहावे प्रकरण चित्रदीप. चित्रासाठी कापड चार अवस्थांतून जाते: धुतलेले, खळ देऊन घोटलेले, रेघा आखलेले आणि रंगवलेले. त्यांना जोडून विद्यारण्य परमात्म्याच्या चार अवस्था सांगतात: शुद्ध चैतन्य, अंतर्यामी, सूत्रात्मा आणि विराट. घोटाईचा क्रमांक इथे दुसरा. म्हणजे घोटलेपण पहिल्या शुद्धतेहून वेगळे आहे. तिथे कापडावर काहीतरी चढलेले आहे, रंग धरायची तयारी सुरू झाली आहे. गुळगुळीत म्हणजे मूळचे शुद्ध, असे आपण नकळत धरून चालतो. विद्यारण्यांच्या हिशेबात गुळगुळीतपणा ही मायेकडे टाकलेली पहिली पायरी ठरते. पांढऱ्याफेक नव्या भिंतीपुढे उभे राहून ‘कसे शांत वाटते’ म्हणणाऱ्यांना हा हिशेब थोडा अडचणीचा आहे.

बोदवडच्या शेजारचा तालुका मुक्ताईनगर, म्हणजे जुने एदलाबाद. तापीकाठी मेहूण-कोथळीच्या परिसरात शके १२१९मध्ये, म्हणजे इसवी सन १२९७ साली, विजेच्या लखलखाटात मुक्ताबाई अंतर्धान पावली असे वारकरी परंपरा सांगते. तिची पालखी इथूनच पंढरीला निघते. त्याच तालुक्यात तापी आणि पूर्णा जिथे मिळतात तिथे चांगदेव नावाचे गाव आणि त्या नावाचे जुने हेमाडपंती मंदिर आहे. त्यामुळे मराठी मुलुखातली सर्वांत प्रसिद्ध भिंत जरी आळंदीला दाखवत असले, तरी तिच्या गोष्टीतली दोन पात्रे खानदेशातल्या याच पट्ट्याशी जोडलेली आहेत. चांगदेव वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघाले. ज्ञानेश्वर, मुक्ताबाई धरून चारी भावंडे भिंतीवर बसली होती. ज्ञानेश्वरांनी भिंतीलाच चालायला सांगितले. १९४०च्या प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ चित्रपटात दामले-फत्तेलालांनी ती भिंत पडद्यावर चालवली आणि त्यानंतर ती घरोघरीच्या कॅलेंडरांतून चालतच राहिली. या गोष्टीत भिंतीचे रूप कसे होते याची चौकशी कोणी केलेली नाही. तिला पोतारा होता का, ती ओबडधोबड होती का, हा प्रश्न एकाही कीर्तनात निघत नाही. चमत्कार भिंतीच्या जडपणावर घडतो, तिच्या दर्शनी अंगावर नाही.

मुक्ताबाईची दुसरी गोष्ट भिंतीच्या कामाला जास्त लागू पडते. संत जमले असताना तिच्या सांगण्यावरून गोरोबा कुंभारांनी आपली थापटी उचलली आणि एकेकाच्या डोक्यावर मारत मडके कच्चे की पक्के ते पाहिले. नामदेव कच्चे निघाले. गोरोबांनी कोणाच्या रूपाकडे पाहिले नाही, आवाज ऐकला. गिलाव्यावर टकटक करणारा माणूस हेच करतो, आणि रंगकामातली ही एक पायरी नवशिके हमखास गाळतात. कारण बद्द आवाजाच्या जागी भिंत दिसायला बहुधा उत्तम असते. सुटलेल्या गिलाव्यावर दिलेली पुट्टी सुंदर दिसते आणि सहा महिन्यांत थाळीएवढ्या खपलीसकट खाली येते. नामदेवांनाही आपण कच्चे आहोत हे आवडले नव्हते. रुसून ते थेट विठ्ठलाकडे तक्रार घेऊन गेले, आणि तिथून विसोबा खेचरांकडे पाठवले गेले.

भिंत अपुरी ठेवणे हेच धर्मकर्तव्य, असेही एका परंपरेने सांगितले आहे. कोकणातल्या बेने इस्रायली समाजामुळे यहुदी धर्म मराठीला अगदीच परका नाही. जेरुसलेमचे मंदिर पाडले गेल्याची आठवण म्हणून घराला गिलावा करताना थोडी जागा उघडी ठेवावी, असे तालमूदमधल्या ‘बावा बात्रा’ या भागात म्हटले आहे. किती? एक हात लांब, एक हात रुंद. कुठे? दारासमोर, म्हणजे आत शिरताच डोळ्यांत भरेल अशा ठिकाणी. आपल्याकडे नवे घर बांधताना काळी बाहुली टांगतात, तान्ह्याच्या गालाला तीट लावतात. पण तीट नजर चुकवण्यासाठी असते, आणि ही उघडी जागा नजर खेचण्यासाठी. त्याच धर्माच्या ‘लेवीय’ या ग्रंथात भिंतीवर हिरवट किंवा तांबूस, पृष्ठभागापेक्षा खोल गेलेले डाग दिसले तर काय करावे याचे नियम आहेत. पुरोहिताने येऊन पाहायचे, घर सात दिवस बंद ठेवायचे, डाग पसरला असेल तर दगड काढून, खरवडून नवा गिलावा करायचा, आणि तरीही डाग परतला तर घर पाडायचे. ओल मारलेल्या भिंतीवर पुट्टी फिरवून रविवार साजरा करणाऱ्यांना हा पुरोहित बरा सल्लागार ठरला असता.

थरांवर थर चढवण्याचे दुसरे टोक पाहायचे तर वणीच्या गडावर. सप्तशृंगी ही खानदेशातल्या कितीतरी घरांची कुलदेवता. चैत्रात तिथून गडाकडे पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. आठ फुटी, अठरा भुजांची देवी, आणि तिच्या अंगावर पिढ्यान् पिढ्यांच्या शेंदराचे लेप. श्रद्धेने दिलेला प्रत्येक लेप खालच्या कोरीव कामाचे उंचसखल थोडे थोडे बुजवत गेला. २०२२च्या पावसाळ्यात दर्शन दीड महिना बंद ठेवून हे हजार किलोंहून अधिक वजनाचे कवच उतरवले गेले, तेव्हा आतले मूळ रूप पुन्हा दिसले. भाविकांना ते पाहून भरून आले. काहींना सवयीचा चेहरा गेल्याची चुटपूटही लागली. दोन्ही भावना खऱ्या. एवढ्या वर्षांत लेप देणाऱ्या एकाही हाताने काही चुकीचे केले, असे म्हणवत नाही. प्रत्येकाने एकच पातळ थर दिला होता.

अजिंठ्यात घाई उलटी नडली. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने लोरेंझो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटलेले लेप पुन्हा चिकटवले, ते काम मोलाचे होते; पण चित्रांवर दिलेला लाखेचा हात पुढे पिवळा पडला आणि त्यावर धूळ बसत गेली. नंतरच्या संवर्धकांचा कितीतरी काळ तो काढण्यात गेला. मूळ चित्रकारांच्या चुका निस्तरायला कोणाला वेळ द्यावा लागलेला नाही. वेळ गेला तो चकाकी निस्तरण्यात.

या सगळ्यांतून नवशिक्याच्या हाती काय लागते, तर सपाटीची व्याख्या कोणीच दिलेली नाही. थांबण्याच्या जागा मात्र पुष्कळ सांगितल्या आहेत. रंग धरेपर्यंत. अडीच हातांवरून दोष दिसेनासा होईपर्यंत. दारासमोरची हातभर जागा सोडून. अंतर आणि हद्द ठरली की सपाट हा शब्द आपोआप अर्थ धरतो. ती ठरली नाही तर पॉलिश पेपरला अंत नाही. आजचे बांधकामाचे नियमही वेगळे काही सांगत नाहीत: ठरावीक लांबीची सरळ पट्टी भिंतीवर धरल्यावर खाली किती मिलिमीटर फट चालेल, एवढेच ते ठरवतात. शून्य कोणी मागत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. थांबण्याचे तत्त्वज्ञान कामचुकारांच्या फार सोयीचे असते. अर्धवट गिलावा करून गेलेला ठेकेदारही अनित्यतेवर बोलू शकतो. मात्र विनयपिटकाला ही लबाडी ठाऊक होती, फक्त ती दुसऱ्या बाजूने आली होती. आळवी गावच्या भिक्षूंनी बांधकामाच्या देखरेखीची कामे वाटायला सुरुवात केली. मातीचे गोळे रचणे, भिंत लिंपणे, दार बसवणे, एवढ्याशा कामावर वीस वर्षे, तीस वर्षे, कधी जन्मभरासाठी माणूस नेमला जाई. भिंत संपतच नसे. काम अपुरे राहण्यापेक्षा काम कधीच न संपणे ही त्या संघाची अडचण झाली. बुद्धांनी हे बंद केले आणि काम पाहून मुदती घालून दिल्या: लहान विहाराला पाच-सहा वर्षे, मोठ्या विहाराला किंवा प्रासादाला दहा-बारा.

घरच्या भिंतीसाठी एवढी मुदत कोणी देत नाही, आणि खानदेशात तर ती ठरलेलीच असते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी घरात बसते. त्याआधी घर धुऊन-रंगवून व्हावे लागते, रोटांचे गहू दळून यावे लागतात, आणि मुंबई-पुण्याला, सुरतेला गेलेली भावकी घरात उतरते. पावसाळी हवेत पुट्टी वाळायला दुप्पट वेळ घेते, पॉलिश पेपर चिकटतो, पांढरी भुकटी पिठाच्या डब्यावर बसते आणि घरातली बाई पहिल्यांदाच स्पष्ट शब्दांत बोलते. चौरंग जिच्यापुढे मांडायचा ती एक भिंत तेवढी पुरी होते. उरलेल्या तिघींवर पहिलाच हात राहतो, शिडी मागच्या अंगणात जाते, आणि अर्धी पिशवी प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून माळ्यावर ठेवली जाते. सोमवारी विसर्जन आटोपून पाहुणे पांगेपर्यंत त्या भिंतींचा विषय कोणी काढत नाही.